‘तिकडे तर कायदेशीर आहे’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १७ वर्षांचा आहे. गांजाचा विषय निघाला की तो म्हणतो, ‘कॅनडात, जर्मनीत कायदेशीर आहे, दारूपेक्षा कमी घातक आहे, तुम्ही उगाच घाबरता.’ तुम्हाला त्याला उत्तर देता येत नाही. शिवाय बंदीने खरंच काही साधतं का, अशी शंका आता तुमच्याही मनात आली आहे. म्हणून तुम्ही विचारलंय, की गांजा कायदेशीर करावा का, आणि केला तर समाजाचं काय होईल.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली २३ वर्षं व्यसनमुक्तीचं काम करतोय. या वादातले दोन्हीकडचे लोक माझ्याकडे एका शब्दात उत्तर मागतात आणि मला ते देता येत नाही, कारण यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गांजाने माणसाचं काय होतं, हा पहिला. तो ओढणाऱ्याचं सरकारने काय करावं, हा दुसरा. आणि तो कोणी, कुणाला, किती कडक करून विकावा, हा तिसरा. तुमचा मुलगा तिसऱ्याचं उत्तर घेऊन पहिला प्रश्न सोडवतोय. बंदीचे समर्थक पहिल्याचं उत्तर घेऊन दुसरा सोडवतात. त्यामुळे भांडण कधी संपत नाही. मी एकेक घेतो.

आधी शरीराचं. गांजातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा करून दाखवला. पुढे १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच गटाला मेंदूत आपोआप तयार होणारं एक रसायन सापडलं. टीएचसी मेंदूच्या पेशींवरच्या ज्या कुलपात, म्हणजे रिसेप्टरमध्ये, किल्लीसारखं बसतं त्याच कुलपात तेही बसतं. त्याचं नाव त्यांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून आनंदामाइड असं ठेवलं. भूक, झोप, भीती, स्मरण यांवर ही कुलूप-किल्लीची यंत्रणा बारीक लक्ष ठेवून असते. वयात येताना मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी आणि बांधणी चालते, त्या कामातही तिचा हात असतो. त्यामुळे ४० वर्षांच्या माणसाने महिन्यातून एकदा मारलेले दोन झुरके आणि १५ वर्षांच्या मुलाने रोज ओढलेला जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, यांना मी एकाच मापाने मोजत नाही.

तुमच्या मुलाचं एक म्हणणं बरोबर आहे, आणि ते तुम्ही त्याला मोकळेपणाने सांगा. अफूच्या वर्गातल्या नशेने श्वास थांबून माणूस मरतो, तसं गांजाच्या अतिसेवनाने होत नाही. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात ही कुलपं फारच थोडी असतात. दारूने जसं यकृत सडतं, तसंही गांजाने होत नाही. मुलांना हे ठाऊक असतं. आपण ते नाकारलं की आपलं पुढचं एकही वाक्य ती ऐकत नाहीत. माझ्या उमेदवारीच्या काळात मी हीच चूक केली आणि त्यात काही मुलं कायमची हातची गेली. ती पुन्हा ओपीडीत आलीच नाहीत.

पण ‘दारूपेक्षा बरा’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. शिवाय आज ज्याला गांजा म्हणतात तो जुना गांजा राहिलेला नाही. अमेरिकेत पकडल्या जाणाऱ्या मालात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, अलीकडे ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं. व्हेपमधून, म्हणजे ई-सिगारेटसारख्या यंत्रातून, ओढायचे अर्क तर ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जातात. ‘आम्हीही कॉलेजात ओढला होता, काही झालं नाही’ असं म्हणणारे वडील माझ्यासमोर बसतात, तेव्हा मी त्यांना हे आकडे दाखवतो. मुलाच्या हातातली गोष्ट त्यांनी कधी ओढलेलीच नसते.

माझ्या मनातून न जाणारा एक मुलगा आहे. १९ वर्षांचा, अभ्यासात बरा. आई त्याला घेऊन आली तेव्हा त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली होती आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं, कारण त्याच्या मते त्यातून कोणीतरी त्याचे विचार ऐकत होतं. दीड वर्ष तो रोज कडक माल ओढत होता. गांजा थांबल्यावर असे भास बऱ्याच जणांचे काही दिवसांत ओसरतात. याचे ओसरले नाहीत. नंतर बोलता बोलता कळलं, की त्याच्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, मुलालाही ते माहीत नव्हतं.

गांजाने वेड लागतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पुढे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये आले. भरतीच्या वेळेपर्यंत ज्यांनी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया सुमारे सहापट आढळला. २०१९ मध्ये मुख्यतः युरोपातल्या ११ ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता तिप्पट, आणि रोज कडक गांजा, म्हणजे १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा, ओढणाऱ्यांमध्ये जवळपास पाचपट दिसली. यातलं किती गांजामुळे आणि किती आधीपासूनच्या प्रवृत्तीमुळे, यावर आमच्यात वाद आहे. आजार आतून सुरू झालेला असतो म्हणून काही जण गांजाकडे वळतात, हेही खरं आहे. आणि मुळात हा आजार शंभरात एखाद्यालाच होतो, त्यामुळे पाचपट म्हटलं तरी ओढणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो होणार नाही. तरीही मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. शिवाय घराण्यात असा आजार असलेल्याला मी ‘अजिबात नको’ असं स्पष्ट सांगतो. तिथे मी घासाघीस करत नाही.

व्यसन लागतं का? लागतं. गांजा घेणाऱ्या शंभरातल्या साधारण नऊ जणांना, आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी सहातल्या एकाला, असे आकडे बरीच वर्षं वापरात आहेत. सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, विचित्र स्पष्ट स्वप्नं पडणं हे सगळं होतं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीतही त्याची अधिकृत नोंद आहे.

आणि एक आजार असा आहे, जो कळायला आमच्यासारख्यांनाच वेळ लागला. एक तरुण माझ्याकडे पोटाच्या डॉक्टरांकडून आला. वर्षभर त्याला उलट्यांचे झटके येत होते, दुर्बिणीच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं नॉर्मल. मी त्याला एकच विचारलं, ‘गरम पाण्याने आंघोळ केली की बरं वाटतं का?’ तो इतका वेळ मान खाली घालून बसला होता, त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. दिवसातून चार-पाच वेळा तो कढत पाण्याखाली उभा राहायचा. पोटाच्या कातडीवर लालसर जाळीदार डाग पडले होते. वर्षानुवर्षं रोज गांजा घेणाऱ्या काहींना अशा उलट्या होतात. २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं. गांजा मळमळीवर चालतो असं ऐकून हा मुलगा उलटी झाली की आणखी ओढत होता. पूर्ण सोडल्यावर काही आठवड्यांत तो बरा झाला.

औषध म्हणून गांजाचं काय, तर तो वेगळा विषय आहे आणि तिथे फारसं भांडायचं कारण नाही. लहान मुलांच्या काही दुर्मिळ, हट्टी अपस्मारांवर गांजातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. केमोथेरपीच्या मळमळीवर टीएचसीची गोळी तिथे १९८५ पासून आहे. मात्रा ठरलेली, शुद्धता तपासलेली, कागदावर डॉक्टरची सही. याच्या जोरावर ओढायच्या गांजाला ‘औषधी वनस्पती’ म्हणणं मला मान्य नाही.

इथवरचं गाठीला बांधायचं ते एवढंच, की धोका वयावर, कडकपणावर, किती वेळा घेतो यावर आणि घराण्यावर ठरतो. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय यावर मेंदूतलं काही बदलत नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला कायदा लागू झाला, त्या रात्री कुठल्याही १७ वर्षांच्या मुलाचा मेंदू प्रौढ झाला नाही. आणि तुमचा मुलगा ज्या देशांची नावं घेतो तिथेही त्याच्या वयाच्या मुलाला विक्री गुन्हाच आहे. कॅनडात प्रांतानुसार १८ किंवा १९, आणि क्वेबेक प्रांतात तर २१ वर्षांची अट आहे.

आता दुसरा प्रश्न, ओढणाऱ्याला शिक्षा. इथे माझं मत स्पष्ट आहे आणि ते अनुभवातून बनलंय. स्वतःपुरता थोडासा गांजा बाळगला म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला, त्याच्याकडे एक पुडी सापडली होती. वैद्यकीयदृष्ट्या त्याचं प्रकरण हलकं होतं, चार-सहा भेटींत सुटलं असतं. पण गुन्ह्याची नोंद झाली, कॉलेजने काढलं, नोकरीच्या प्रत्येक अर्जात तो रकाना आडवा येऊ लागला. त्यानंतर तो खरा नशेत बुडाला. गांजापेक्षा केसने त्याचं जास्त नुकसान केलं. आणि शिक्षेची भीती असली की लोक आमच्याकडे उशिरा येतात. आईवडील भास होणाऱ्या मुलाला महिनोन् महिने घरात लपवून ठेवतात.

शिवाय ही शिक्षा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने २०१३ मध्ये मांडलेल्या आकडेवारीत, गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या ३.७ पट होतं. ओढण्याचं प्रमाण मात्र दोघांत जवळपास सारखंच होतं.

शिक्षा काढणं म्हणजे दुकानं उघडणं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पोर्तुगालने जुलै २००१ पासून सगळ्याच अमली पदार्थांचं वैयक्तिक बाळगणं गुन्ह्याच्या यादीतून काढलं, पण विक्री आजही गुन्हा आहे. साधारण दहा दिवसांच्या वापराइतका माल सापडला तर माणसाला एका समितीपुढे पाठवतात. तिथे कायद्याचा जाणकार असतो, तसे आरोग्य आणि समाजकार्यातले लोकही असतात, आणि गरज असेल त्याला उपचाराकडे वळवलं जातं. मला ही कल्पना आवडते. मात्र तिच्यामागे उपचारांवर खर्च करण्याची तयारी होती, हे विसरता येत नाही. नुसती शिक्षा काढली आणि उपचाराचं दार उघडलंच नाही, तर माणूस रस्त्यावरच राहतो.

तिसरा प्रश्न विक्रीचा. खरा गुंता इथे आहे, आणि मी स्वतः इथेच सर्वात जास्त मत बदललं आहे.

नेदरलँड्सने १९७६ मध्ये कायदा बदलून गांजाला जास्त घातक नशांपासून वेगळं काढलं. पुढे ‘कॉफीशॉप’मध्ये ५ ग्रॅमपर्यंतची विक्री चालू दिली गेली. पण दुकानाला माल पुरवणं बेकायदेशीरच राहिलं. पुढच्या दाराने कर भरणारं गिऱ्हाईक येतं आणि मागच्या दाराने तस्कर, अशी स्थिती अनेक दशकं टिकली. अर्धवट परवानगी कुणाच्या फायद्याची ठरते, ते यात दिसतं.

अमेरिकेत कोलोरॅडोने २०१२ मध्ये मतदान घेतलं आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. मुलांमध्ये गांजाचं प्रमाण एकदम वाढेल अशी भीती होती. शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणांत तसं दिसलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. मीही तेव्हा घाबरलो होतो. बदल झाला तो प्रौढांमध्ये, आणि तोही किती जण घेतात यापेक्षा किती वेळा घेतात यात. संपूर्ण अमेरिकेत २०२२ मध्ये पहिल्यांदाच रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे, तितक्याच वेळा दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त झाले: सुमारे १ कोटी ७७ लाख विरुद्ध १ कोटी ४७ लाख. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच पानावर होतो. कारण धंद्याचं गणित इथे उघडं पडतं. कधीमधी ओढणाऱ्यावर कोणतीही कंपनी चालत नाही. बहुतांश माल रोजचं गिऱ्हाईकच संपवतं, आणि रोजचं गिऱ्हाईक म्हणजेच माझा रुग्ण. ज्या उद्योगाचा नफा माझ्या रुग्णांकडून येतो, त्याच्या हाती जाहिरात, चव आणि कडकपणा सोपवायचा का, हा माझा आक्षेप आहे. तंबाखूच्या बाबतीत आपण ते एकदा करून बसलो आहोत.

खाण्याच्या पदार्थांचं उदाहरण घ्या. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेतो. माणूस म्हणतो, काही झालं नाही, आणखी एक खाऊ. आणि तो पदार्थ चॉकलेटसारखा दिसत असेल तर घरातलं लहान मूलही खातं. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांच्या अशा नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. पण कॅनडाचा अनुभव पाहा. क्वेबेकने मिठाईसारखे पदार्थ विकूच दिले नाहीत. ज्या मोठ्या प्रांतांनी ते विकू दिले, तिथे लहान मुलं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण आणखी चढलं, क्वेबेकमध्ये तसं झालं नाही. देश एक, कायदा एक, फरक एका नियमाचा. ‘कायदेशीर की बेकायदेशीर’ या भांडणात मला रस उरला नाही, तो अशा गोष्टींमुळे.

उरुग्वेने २०१३ मध्ये जगात सर्वप्रथम देशपातळीवर कायदा केला, तोही बाजार सरकारच्या ताब्यात ठेवून. नाव नोंदवायचं, महिन्याला जास्तीत जास्त ४० ग्रॅम, एकतर घरी झाडं लावा, नाहीतर क्लबात जा, नाहीतर औषधाच्या दुकानातून घ्या. जाहिरातीला बंदी. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना तीन झाडं आणि बाहेर २५ ग्रॅम बाळगायची मुभा दिली, पण दुकानं उघडली नाहीत. उलट टोकाला थायलंड. तिथे जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण नियमांचा कायदा तयार नव्हता. जिकडे तिकडे दुकानं उभी राहिली आणि तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. आधी नियम, मग दार, हा क्रम उलटला की काय होतं ते तिथे दिसलं.

काळा बाजार संपतो का? एका दिवसात नाही. कॅनडात काही वर्षांत बहुतांश गिऱ्हाईक कायदेशीर दुकानांकडे वळलं, पण कर फार चढवला की ते परत मागे जातं. गाडी चालवण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दारूसारखी फुंकर मारून नशा मोजता येत नाही, आणि रोज ओढणाऱ्याच्या रक्तात टीएचसी नशा उतरल्यावरही दिवसेंदिवस सापडतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर ते असं: ओढणाऱ्यावरची फौजदारी काढा. विक्रीला परवानगी द्यायचीच असेल तर नफ्याशिवाय, जाहिरातीशिवाय, कडकपणावर मर्यादा घालून आणि २१ वर्षांच्या वरच्यांना द्या. आणि त्या आधी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात व्यसनमुक्तीची ओपीडी चालू असू द्या. जिथे ती नाही, तिथे मी दुकानाच्या बाजूने मत देणार नाही. सरकार कमकुवत, तपासणी करणारी प्रयोगशाळा नाही, परवाने वशिल्याने मिळतात, अशा ठिकाणी कागदावरचे चांगले नियमही टिकत नाहीत. म्हणून एका देशाचं उत्तर उचलून दुसऱ्याला लावायला मी बिचकतो.

राहिला तुमचा मुलगा. माझा अंदाज आहे, की तुमच्या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न आहे: तो ओढतो की काय? तो वाद घालतोय म्हणजे ओढतोच असं नाही, या वयात मुलं सगळ्यावर वाद घालतात. पण विचारा. खोलीची झडती घेऊन किंवा लघवीची तपासणी करून सुरुवात करू नका. त्याने विश्वास जातो आणि हाती फारसं काही लागत नाही. एका संध्याकाळी शेजारी बसा, समोरासमोर नको, आणि त्याच्या मुद्द्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करा. मग घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर तो सांगून टाका, कितीही अवघड वाटलं तरी. ती माहिती त्याच्या हक्काची आहे.

तो ओढतो असं म्हणाला, तर ‘किती’ विचारू नका. त्याचं उत्तर कोणी खरं देत नाही. मी ओपीडीत विचारतो, ‘दिवसातला पहिला कधी?’ शनिवारी रात्री मित्रांबरोबर, असं उत्तर आलं तर बोलायला वेळ आहे. झोप लागावी म्हणून रोज रात्री, असं आलं तर मला काळजी वाटते, आणि झोप का लागत नाही तिथून सुरुवात करतो. उठल्या उठल्या, असं आलं तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. संशय, भास, एकट्याने पुटपुटणं, चार-पाच रात्री झोप नाही, यातलं काही दिसलं तर आठवडाही थांबू नका.

गांजा सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. संवाद आणि समुपदेशन यावरच आमचं काम चालतं, आणि त्याने बरीच मुलं सोडतात. सोडायचं ठरवलंच, तर त्याला आधीच सांगून ठेवा, की पहिला आठवडा सगळ्यात वाईट जाईल. तो तुमच्यावर ओरडेल, जेवणार नाही, पहाटे तीनला घामाने भिजून उठेल. त्या वेळी घरात कोणीतरी जागं असू द्या. बहुतेकांची झोप दोन-तीन आठवड्यांत परत येते.